परिचारिका कशी घडते?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राजकारण, इतिहास, अर्थशास्त्र, वेदान्त अशा मोठमोठ्या विषयांवर बोलण्याची आपल्याकडे चाल आहे. त्या पंक्तीत इस्पितळातल्या एका मास्तरीणबाईचे पान मांडावे असे चालकांना का वाटले, ते त्यांनाच ठाऊक. मी त्यांना म्हटलेही, "माझा सगळा जन्म खाटांच्या रांगांतून फिरण्यात गेला. मला तत्त्वज्ञान वगैरे काही येत नाही." त्यावर चिटणीस म्हणाले, "तीस वर्षं मुलींना शिकवलंत ना? मग काय शिकवलंत आणि कसं शिकवलंत, तेवढंच सांगा." हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही हे घरी गेल्यावर माझ्या ध्यानात आले.

तसे पाहिले तर हा विषय या व्यासपीठाला अगदीच परका नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढून, ज्या काळी घरंदाज बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे म्हणजे कुळाला बट्टा समजत, त्या काळी विधवांना आणि परित्यक्तांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखविली. म्हणजे व्याख्यानमाला आणि परिचर्या ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत, असे म्हटले तरी चालेल. तेव्हा मी धाकट्या भावंडाच्या हक्काने चार गोष्टी सांगते.

आमच्या धंद्याविषयी लोक बोलू लागले की 'सेवा' हा शब्द पहिल्याने येतो. परिचारिका म्हणजे सेवेची मूर्ती, परिचारिका म्हणजे देवदूत. ऐकायला बरे वाटते. परंतु देवदूताला शिकावे लागत नाही, देवदूताचे पाय दुखत नाहीत, आणि देवदूताला वेळेवर पगारही द्यावा लागत नाही! म्हणून या स्तुतीपासून मी माझ्या विद्यार्थिनींना नेहमी सावध करीत आले. आपले जुने वैद्यकशास्त्र या बाबतीत अधिक व्यवहारी होते. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यांपैकी परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत, असे चरक म्हणतो: उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शुचिता. या यादीचा क्रम पाहा. पहिला मान ज्ञानाला, दुसरा दक्षतेला. माया तिसरी आली. चरकाला माया नको होती असे नाही. पण मायेने पाणी पाजताना पेशंटची मान कोणत्या बाजूला वळवावी हे जिला ठाऊक नाही, ती त्या मायेनेच त्याला ठसका लावून मारील.

या चार गुणांना मी एक पाचवा गुण जोडू इच्छिते. तो मला कोणत्या ग्रंथात सापडला नाही. तो दोन चुकांतून सापडला. एक चूक मी विद्यार्थिनी असताना केली आणि दुसरी शिक्षिका असताना. त्या दोन्ही आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. पुरुषांचा वॉर्ड, चाळीस खाटा, आणि रात्रपाळीला आम्ही दोघी मुली. पहाटे पाचला सर्वांचा ताप, नाडी आणि श्वास मोजून तक्त्यावर मांडायचा. त्याला आम्ही टीपीआर म्हणतो. तापासाठी थर्मामीटर लावावाच लागतो. नाडीसाठी मनगट धरावे लागते. पण श्वास? निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो मोजायचा तर खाटेशी एक मिनिटभर काही न करता उभे राहावे लागते. चाळीस खाटांची चाळीस मिनिटे! तेवढी कुणाकडे होती? तेव्हा थोरल्या मुलींनी आम्हांला गुरुमंत्र दिला होता, "श्वासाला सरळ वीस लिही." मी चाळीसच्या चाळीस माणसांना वीस श्वास वाटून टाकले.

सकाळी वॉर्डच्या सिस्टर आल्या. हाती तक्ता घेऊन खाटांवरून फिरता फिरता त्या सतराव्या खाटेपाशी थांबल्या. तिथे अंतर्गळाचे ऑपरेशन झालेला एक म्हातारा शेतकरी होता. सिस्टरांनी एकदा तक्त्याकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे पाहिले. मग त्याचे मनगट हाती धरले आणि घड्याळाकडे नजर लावून उभ्या राहिल्या. एक मिनिट गेले. मला म्हणाल्या, "छत्तीस." एवढेच. आवाज चढला नाही. डॉक्टर आले, छाती तपासली. न्यूमोनिया सुरू झाला होता. पुढे नऊ दिवसांनी तो म्हातारा आपल्या पायांनी घरी गेला; पण तो माझ्यामुळे वाचला नाही, माझ्या हातून सुटूनही वाचला.

त्या दुपारी पाळी संपल्यावर सिस्टरांनी मला बोलावले. मी रडण्याची तयारी करून गेले होते. त्या म्हणाल्या, "बाळ, चल. आपण दोघी मिळून श्वास मोजू." पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. प्रत्येक खाटेशी एक मिनिट. मनगट कसे धरावे ते त्यांनी दाखविले. नाडी मोजून झाली तरी बोटे तशीच मनगटावर ठेवायची आणि नजर हलकेच छातीकडे न्यायची. कारण आपला श्वास कुणी मोजते आहे असे कळले की माणसाचा श्वास बदलतो. आणि प्रत्येक खाटेपासून हलताना त्या एकच प्रश्न विचारीत, "काय दिसलं?" पहिल्या पाच खाटांशी मला काहीच दिसले नाही. दहावीपाशी दिसले की हा माणूस श्वास घेताना एका कुशीवर हात दाबून धरतो. विसाव्या खाटेपाशी दिसले की याच्या नाकपुड्या फुलतात. तिसाव्या खाटेवरचा माणूस झोपेचे सोंग घेऊन रडत होता. चाळीस खाटा संपल्या तेव्हा मला कळले की वर्षभर या वॉर्डात मी वावरत होते, पण वॉर्ड पाहिला तो आज.

परिचर्येचे शिक्षण म्हणजे प्रथमतः पाहण्याचे शिक्षण, हा माझा पहिला सिद्धान्त त्या दुपारी तयार झाला. हे काही मी नवे सांगत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली 'नोट्स ऑन नर्सिंग' हे छोटेसे पुस्तक लिहिले, त्यात रोग्याच्या निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची शाळा निघाली. लोकांना त्यांचा दिवा तेवढा आठवतो. पण दिवा कशासाठी असतो? ओवाळण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी! शपथविधीच्या दिवशी आमच्या मुली हातांत दिवे घेऊन उभ्या राहतात, तेव्हा मी त्यांना हेच सांगत असे.

पाहणे म्हणजे काय, याचे एक साधे उदाहरण देते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर शरीराचा भार पडून तिथले रक्त वाहायचे थांबते आणि जखम होते. तिला आम्ही बेडसोअर म्हणतो. जखम दिसू लागल्यावर कुणालाही दिसते. पण तिच्या आधी कातडीवर एक लाल डाग येतो. त्यावर बोट दाबून सोडावे. डाग क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून रक्त फिरते आहे. दाबूनही तो लालच राहिला, तर आतले नुकसान सुरू झाले. सावळ्या कातडीवर लाली दिसतही नाही. तिथे हाताच्या पाठीने ऊब आणि कठीणपणा पाहावा लागतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची चुणी काढायची, आणि हे बोट दाबून पाहायचे. यात पराक्रम काहीच नाही. परंतु १९७३ साली आपल्याच रुग्णालयात झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग या परिचारिकेला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी २०१५ साली तिच्या निधनापर्यंत, सुमारे ४२ वर्षे सांभाळले, आणि तेही तिच्या अंगाला अशा जखमा होऊ न देता. ज्यांनी प्रथम तिची कूस बदलली त्या निवृत्त झाल्या, आणि ज्या शेवटी होत्या त्यांतल्या कित्येकींचा १९७३ साली जन्मही झाला नव्हता. एका हाताने दुसऱ्या हाताला शिकविले, दुसऱ्याने तिसऱ्याला. शिक्षण म्हणतात ते याला.

आता माझी दुसरी चूक.

मी शिक्षिका झाले आणि माझ्या त्या सिस्टरांना विसरले. आपण फार दक्ष शिक्षिका आहो असा मला अभिमान होता. एक दिवस वॉर्डात एका विद्यार्थिनीच्या हातून थर्मामीटर पडून फुटला. पारा फरशीवर पसरला. मी सबंध वॉर्डापुढे, पेशंटांदेखत, तिला असे बोलले की आज ते शब्द उच्चारायची मला लाज वाटते. वर मोडतोडीचे पैसेही तिच्याकडून भरून घेतले. मुलगी खेड्यातली होती, गरीब होती. खाली मान घालून तिने ऐकून घेतले. मला वाटले, चांगला धडा मिळाला.

धडा मिळालाच होता. पण कोणता, ते मला पाच महिन्यांनी कळले. ती मुलगी सकाळच्या पाळीला होती. मधुमेहाच्या एका बाईला सात वाजता नेहमीप्रमाणे तिने इन्सुलिन दिले. दिल्यावर पाहते तो खाटेच्या उशाशी पाटी: ऑपरेशनसाठी उपाशी ठेवली आहे. इन्सुलिन दिले आणि पोटात अन्न नाही, म्हणजे रक्तातली साखर उतरत जाणार हे तिला माहीत होते. माझ्याच वर्गात ती ते शिकली होती. तिने काय करावे? ताबडतोब सांगावे. दोन मिनिटांत उपाय झाला असता. ती बोलली नाही. साडेनऊच्या सुमारास शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सून ओरडली, "सिस्टर, या बाई काहीतरीच बोलतायत, आणि घामानं भिजल्यायत!" हात गार, अंग थरथरते आहे, बोलणे असंबद्ध. शिरेतून ग्लुकोज दिले तेव्हा बाई शुद्धीवर आल्या. आणखी तासभर कुणाचे लक्ष गेले नसते तर काय झाले असते, ते मी सांगायला नको.

मी त्या मुलीला खोलीत बोलावले. विचारले, "अगं, तुला ठाऊक होतं, तर मला येऊन का सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "सिस्टर, मी तुमच्या दारापर्यंत आले होते. पण मला थर्मामीटर आठवला."

बंधुभगिनींनो, माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला अनेक प्रमाणपत्रे मिळाली. पण माझ्या शिकविण्याची इतकी खरी परीक्षा कुणी घेतली नाही आणि इतका खरा निकालही कुणी लावला नाही. काचेची एक नळी फुटली म्हणून मी त्या मुलीला शिकविले की चूक झाली तर लपवावी. आणि त्या शिकवणीची किंमत एक निरपराध बाई स्वतःच्या जिवाने भरणार होती. आमच्या शिक्षणात भयाचा हा विशेष आहे. इतर विद्यालयांत मास्तरांच्या छडीचा वळ विद्यार्थ्याच्या हातावर उठतो. आमच्या विद्यालयात तो पेशंटच्या अंगावर उठतो.

म्हणून माझा पाचवा गुण: खरे सांगण्याचे धैर्य. आणि धैर्य हा गुण एकट्या विद्यार्थिनीचा नव्हे. तिला सांगता येईल अशी जागा ठेवणे हे शिक्षिकेचे काम आहे. १९९९ साली अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने वैद्यकीय चुकांविषयी अहवाल काढला. त्या देशातील इस्पितळांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे टाळता येण्याजोग्या चुकांमुळे मरतात, असा अंदाज त्यात होता. एवढ्या संपन्न देशाची ही स्थिती! आणि त्या अहवालाचा इत्यर्थ हा, की वाईट माणसे शोधून काढून हा प्रश्न सुटणार नाही. चूक उघडी पडेल आणि पेशंटपर्यंत पोहोचण्याआधी अडेल अशी व्यवस्था लावली पाहिजे. त्या अहवालात जे शेकडो पानांत होते, ते त्या मुलीने मला एका वाक्यात सांगितले होते.

त्यानंतर मी काय बदलले ते थोडक्यात सांगते.

पहिले असे, की दर शनिवारी वर्गात चुकांचा तास सुरू केला. आठवड्यात जी चूक झाली किंवा होता होता राहिली, ती प्रत्येकीने सांगायची. पण पहिली चूक सांगायची ती शिक्षिकेने. प्रारंभी माझी जीभ रेटेना. पहिल्या शनिवारी मी त्या छत्तीस श्वासांची गोष्ट सांगितली. वर्गात इतकी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मीसुद्धा वीसच लिहिते."

दुसरे असे, की करण्याआधी पाहायला लावले. नव्या मुलीला पहिल्या दिवशी पेशंटजवळ दहा मिनिटे नुसते बसवायचे आणि बाहेर आल्यावर काय दिसले ते विचारायचे. "बरा आहे" हे उत्तर चालत नसे. कसा बसला आहे, काय खाल्ले, काय टाकले, भेटायला कोण आले, कोण आले नाही, ते सांगायचे.

तिसरे, दुसऱ्याला जे करायचे ते आधी अंगावर घ्यायचे. एकीने डोळे बांधून निजायचे आणि दुसरीने तिला चमच्याने पेज भरवायची. एक तास अंग न हलविता पडून राहायचे. हाक न मारता कुणी अंगावरची चादर ओढली तर काय वाटते, ते अनुभवायचे. अशा तासाला सुरुवातीला खूप हशा होई. शेवटी होत नसे.

चौथे, पाहिलेले सांगायचे कसे, ते शिकविले. अनुभवी परिचारिकेला पेशंटकडे पाहूनच कळते की याचे लक्षण ठीक नाही. पॅट्रिशिया बेनर या विदुषीने १९८४ साली नवशिकी परिचारिका पायरीपायरीने जाणती कशी होते याचे विवेचन केले, त्यात या जाणत्या नजरेला मोठे स्थान आहे. पण नुसती नजर पुरत नाही. रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवून "मला काही बरं वाटत नाही" असे सांगितले, तर ते म्हणणार, "मग सकाळी तपासून घ्या!" म्हणून चार गोष्टी क्रमाने सांगायच्या: आत्ता काय घडते आहे, हा पेशंट कोण आणि कशासाठी आला, मला काय वाटते, आणि आपण काय करावे. ही चौकट अमेरिकेच्या आरमारातील पाणबुड्यांवरून इस्पितळांत आली असे सांगतात. समुद्राखालच्या माणसांना मोघम बोलणे परवडत नाही, आम्हांलाही नाही.

यावर माझ्या काही सहकारी भगिनी म्हणत, "भय गेलं तर शिस्त कशी राहील?" प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की शिस्त आणि भय या दोन वस्तू आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. हात धुतल्याशिवाय पेशंटला शिवायचे नाही, औषध देताना नाव विचारल्याशिवाय द्यायचे नाही, ही शिस्त. तिच्यात मी तसूभर सवलत दिली नाही. शिस्त सांगते, 'हे असेच कर.' भय सांगते, 'पकडली जाऊ नकोस.' ज्या दिवशी सिस्टर पाळीवर नसते त्या दिवशी भय सुटीवर जाते. शिस्त जात नाही. तक्त्यावर खोटा आकडा लिहिणे ही नुसती चूक नव्हे, तो खोटेपणा आहे, हे मी माझ्याविषयीही म्हणते. तथापि त्या खोट्या आकड्यामागे चाळीस खाटा आणि दोन मुली होत्या, हेही विसरून चालणार नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेकडे एकेक रुग्ण वाढत जातो तसतशी रुग्ण महिन्याभरात दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. पाहायला शिकविणे हे माझे काम. पण पाहायला वेळ देणे हे समाजाचे आणि सरकारचे काम. जिला डोळे दिले पण मिनिट दिले नाही, तिच्याकडून कोणती दृष्टी मागायची?

आता यंत्रे आली आहेत. श्वास पडद्यावर दिसतो, नाडी बोटाला लावलेल्या चिमट्याने कळते, मुली रबरी पुतळ्यांवर हात बसवितात. मला याचा आनंद आहे. पुतळ्यावर चुकलेली सुई कुणाला दुखवीत नाही. पण झोपेचे सोंग घेऊन रडणारा माणूस पडद्यावर दिसत नाही. आणि चूक झाल्यावर शिक्षिकेच्या दारावर टकटक करण्याचे बळ पुतळा देत नाही. तेवढ्यापुरती तरी आमची गरज राहील.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपण मनात म्हणत असाल. ती उत्तीर्ण झाली आणि एका जिल्ह्याच्या रुग्णालयात वॉर्डची सिस्टर झाली. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, "सिस्टर, माझ्या खोलीचं दार मी उघडंच ठेवते." मी जे शिकवू पाहत होते ते तिने माझ्याआधी ओळखले होते.

शेवटी आपल्याला एक विनंती करून रजा घेते. आपणां प्रत्येकावर केव्हा ना केव्हा इस्पितळात जाण्याचा प्रसंग येणार. ईश्वर करो आणि तो लवकर न येवो! तिथे एखादी तरुण परिचारिका औषध हाती घेऊन आपले नाव विचारील. कालच विचारले होते, आज पुन्हा का, म्हणून रागावू नका. ती आपल्याला विसरलेली नाही, ती चुकीची वाट अडवून उभी आहे. आणि नाडी मोजून झाल्यावरही ती आपले मनगट सोडीत नसेल, घड्याळाकडे पाहत गप्प उभी असेल, तर तिच्याशी बोलू नका, लवकर आटप म्हणू नका. कुणीतरी तिला पाहायला शिकविले आहे. तेवढे एक मिनिट तिला द्या. ते आपलेच आहे.